स्वीडनच्या इंगळेबाई

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा आमच्या बोअरवेलच्या ऑफिसात खुर्च्या कमी आणि माणसं जास्त होती. त्यामुळे फिल्डवर जायला सगळे एका पायावर तयार! वर दुष्काळ. गावोगाव बोअर घेत फिरायचं. मशीनखाली दगडाची भुकटी साचते ना, तसे आमच्याजवळ किस्से साचले. कितीही झटका, केसात थोडी राहतेच.

टोळी आमची लहानच. मी उदगीरचा, नुकताच डिप्लोमा करून लागलेला ज्युनिअर इंजिनिअर. जीपचे ड्रायव्हर खाजाभाई, पक्के लातूरकर. मशीन चालवणारा मुरुगेसन तमिळनाडूचा. आणि हे नवं मशीन आम्हाला शिकवायला आलेल्या इंग्रिडबाई, थेट स्वीडनहून! दुभाषा मी, कारण इंग्रजी वाचता येणारा मीच. बोलता येतं का, हे कुणी विचारलंच नव्हतं!

*

'इंग्रिड' हे नाव कुणाच्या तोंडात बसेना. दुसऱ्याच गावात त्या 'इंगळेबाई' झाल्या. एक सरपंच हात जोडून पुढं आले.

"कोण्या गावचे इंगळे म्हणायचे?"

मी काही बोलायच्या आत खाजाभाई म्हणाले, "स्वीडनचे."

सरपंचांनी बाईंच्या सोनेरी केसांकडं नीट पाहिलं. मग हळूच म्हणाले, "लई लांब गेले की इंगळे!"

*

मुरुगेसनला पहिल्या दिवशी ज्वारीची कडक भाकरी दिली. त्यानं ती पापडासारखी मोडली आणि कडाकडा खाल्ली. वाढणारी बाई बघतच राहिली.

पुढं तो सुट्टीवर गेला, तेव्हा जाताना ज्वारीचं पीठ घेऊन गेला. परत आला तो एक जाड तवा घेऊन. त्याच गावात, त्याच बाईच्या चुलीवर त्यानं ज्वारीचा डोसा घातला! जाळीदार, कुरकुरीत. बाईनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "साहेब, हे आपल्याच ज्वारीत होतं? अन् मला ठाव न्हाई?"

*

एकदा मांजरेच्या काठानं चाललो होतो. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे हिवाळ्यात तळी गोठतात. इतकी, की आम्ही पाण्यावरून मोटार चालवतो."

मी भाषांतर केलं. खाजाभाईंनी ब्रेकच मारला. "पाण्यावरून? मोटार?"

मग त्यांनी जीप सरळ उतारावरून खाली घातली. मांजरेच्या पात्रात! थेंबभर पाणी नाही, नुसती वाळू. मधोमध जीप थांबवून ते म्हणाले, "बोलो साब मॅडम को. हम भी नदी में गाडी चलाते."

बाई हसल्या नाहीत. खाली उतरून त्यांनी वाळूला हात लावला, आणि बराच वेळ तो उचललाच नाही.

*

बाईंची पद्धत अशी: जमिनीत खुंट्या ठोकायच्या, वायरी जोडायच्या, आणि मीटरचा काटा बघून खाली काय आहे ते ओळखायचं. एका गावात त्यांच्यासमोरच पाणाड्या उभा राहिला, तळहातावर नारळ घेऊन; नारळ जिथं ताठ उभा राहील, तिथं खाली पाणी. म्हणजे जुनी पद्धत आणि नवी पद्धत समोरासमोर! आता भांडण होणार म्हणून गाव गोळा झालं.

बाईंनी पाणाड्याला मीटर बघायला दिला आणि स्वतः नारळ मागून घेतला. चालता चालता एका जागी तो त्यांच्या हातावर ताठ उभा राहिला!

पाणाड्यानं विचारलं, "का झालं असं, सांगा."

बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही."

मी ते मराठीत सांगितलं. पाणाड्या गावाकडं वळला. "ऐकलं का रं? एवढं मशीन जवळ असून 'माहीत न्हाई' म्हणती. म्हंजी लईच शिकलेली हाय बाई!"

*

आणि देवणीकडचं ते गाव. साऱ्या विहिरी आटलेल्या. मीटरनं जागा दाखवली ती बौद्ध वस्तीत, लिंबाच्या झाडाजवळ. खुंटी ठोकली. गावचे पाटील वस्तीच्या तोंडाशी आले, मला तिथं बोलावून मऊ आवाजात म्हणाले, "साहेब, जरा अलीकडं घ्या की. गावात."

"काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं.

"व्हाय?"

एवढासा शब्द! आणि माझं इंग्रजी संपलं. मी असल्याच वस्तीत वाढलेला. उत्तर मला मराठीत पाठ होतं.

बाईंनी मीटर परत एकदा तपासला. मग म्हणाल्या, "तिकडचा खडक वेगळा आहे का, विचारा त्यांना."

मी पाटलांना तसंच्या तसं विचारलं. पाटलांनी खाली बघितलं, मग गावाकडून रिकाम्या घागरी घेऊन आलेल्या बायांकडं बघितलं.

"न्हाई," ते म्हणाले. "खडक एकच हाय." आणि जरा वेळानं, "घ्या हितंच."

मशीन सुरू झालं. धुरळा असा उडाला की गाव आणि वस्ती सारखीच पांढरी झाली, कोण कोण ते ओळखू येईना. दुपारी आवाज बदलला. मुरुगेसननं हात वर केला. आधी राखाडी चिखल उडाला, आणि मग पाणी! लिंबाच्या शेंड्यावर गेलं, वरून सगळ्यांवर कोसळलं. पहारीनं ज्या पाषाणावर ओरखडा उठत नव्हता, त्याच्या पोटातून! खाजाभाई "या अल्ला!" म्हणाले. बाया ओरडत होत्या, रडत होत्या. इंगळेबाई ओल्याचिंब उभ्या होत्या, तोंड उघडं ठेवून, जणू पाणी जन्मात पहिल्यांदाच बघितलं.

पाटील पुढं आले. वस्तीच्या तोंडाशी थांबले. वाकून त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, बाजूला ठेवल्या, आणि अनवाणी पाण्याकडं चालत गेले.

वस्तीतले म्हातारे तुकाराम कांबळे, जन्मभर पाटलांच्या दारावरून वहाणा हातात घेऊन गेलेले, माझ्याजवळच उभे होते. पाणी त्यांच्या डोक्यावर पडत होतं. ते मात्र त्या वहाणांकडं एकटक बघत होते.

बाईंनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ते काय बघताहेत?"

मी म्हणालो, "वॉटर."