दव, काढा आणि सकाळची गोळी

निसर्गापरता वैद्य नाही. दिवाळीनंतरच्या सकाळी बाभुळगावजवळच्या आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहिलं, की हे वाक्य आपोआप ओठांवर येतं. उमललेली बोंडं, कापसावर थरथरणारे दवाचे थेंब, तुरीच्या पिवळ्या फुलांवरून येणारा ओलसर वास! इथे घटकाभर थांबलं, तर मनावरची सगळी काजळी धुऊन निघेल असं वाटतं. फक्त एवढंच, की या वैद्यराजांच्या शेतात पोळ्यापासून फवारणीचा पंप कुणाच्या ना कुणाच्या पाठीवर होताच.

हे मला दिसू लागलं ते माझ्या धाकट्या भावामुळे. गेल्या वर्षी ऐन वेचणीत सुधाकर खाटेच्या कडेवर, एक चप्पल पायात आणि एक हातात, असा दुपारपर्यंत बसून राहायचा. दुःख म्हणावं तर कारण नव्हतं. आळस म्हणावं तर हा माणूस जन्मात आळशी नव्हता. यवतमाळच्या डॉक्टरांनी त्याला नैराश्य हे नाव दिलं आणि रोजची एक गोळी. होळीपर्यंत दोन्ही चपला पायात आल्या.

मग सुधाकरने कापूसवाल्याला शोभेल असंच केलं. अळी दिसेनाशी झाली की फवारणी थांबवायची, ही त्याची आयुष्यभराची रीत. मन ताळ्यावर आलं, त्याने गोळी थांबवली. अळी गेली का, हे विचारायला कोण कुणाकडे जातं? या निर्णयाला तात्त्विक बैठक दिली आमच्या मामांनी. मामा निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर त्यांना निसर्ग सापडला. गुळवेलीचा काढा, कोवळं ऊन, दवात अनवाणी चालणं, यांवर ते ओसरीत बसून व्याख्यान देत, आणि ‘रसायन’ हा शब्द असा उच्चारत, की ऐकणाऱ्याने हात धुऊन यावेत.

पेरणीच्या तोंडावर चप्पल पुन्हा हातात आली. या वेळी जेवणही सुटलं, आणि एका संध्याकाळी तो बायकोला, मंदाला, म्हणाला की माझ्यावाचून तुमचं बरं चालेल. तिने मला फोन केला. मी दारव्ह्याहून मिळेल त्या एसटीने निघाले. मामा ओसरीत होतेच. काढ्याची मात्रा वाढवावी, असं त्यांचं मत पडलं. मंदा त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. तो सावरतच तिने विचारलं, “मामाजी, तुमची बीपीची गोयी कोन्या झाडाले लागते?”

मामांनी काढ्याचा पेला खाली ठेवला.

सुधाकरची अडचण वेगळीच होती. “ताई, गोयी म्या आपल्याच मनानं बंद केली. आता कोन्या तोंडानं जाऊ डॉक्टरकडे?”

“ह्याच तोंडानं,” मी म्हटलं. “चप्पल घाल.” हातातली दुसरी मीच त्याच्या पायात घातली.

डॉक्टर रागावले नाहीत. चालणं चांगलं, ऊन चांगलं, माणसांत बसणं तर फारच चांगलं, म्हणाले. कुणाला तेवढ्यावरही बरं वाटतं. याला मात्र सध्या गोळीही हवी, आणि ती सोडायची वेळ येईल तेव्हा आपण मिळून, हळूहळू सोडू. काढा पीत असाल तर तेही लपवू नका.

परतताना मला वाटत राहिलं, नैसर्गिक म्हणजे तरी काय? धुऱ्यावरचा धोतरा पूर्ण नैसर्गिक आहे. बकरीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. आणि एका माणसाचं मन अंधारात बुडू लागल्यावर दुसऱ्याने त्यासाठी औषध शोधावं, ही ओढ निसर्गाबाहेरून आली असेल का? निसर्ग की रसायन, हे भांडण मी मिटवायला बसले नाही. दव राहील, ऊन राहील, आणि गोळीही राहील, एवढं ठरवलं. रोज सकाळी मी फोन करते. “घेतली न बाई,” तो वैतागून म्हणतो. त्याचं ते वैतागणं मला हल्ली फार गोड लागतं.

कापूस पुन्हा फुटला आहे. सुधाकर पहाटे धुऱ्यावरून चालतो, पायात दोन्ही चपला घालून. मामा सोबत असतात, अनवाणी, धरणीमातेच्या स्पर्शातल्या आरोग्याविषयी बोलत. परवा त्यांच्या पायात बाभळीचा काटा शिरला. सुधाकरनेच त्यांना मोटारसायकलवर बसवून बाभुळगावला नेलं. धनुर्वाताचं इंजेक्शन मामांनी विनातक्रार घेतलं.