दोघांचा एक पासवर्ड

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि मी गेलो तोही संगणक शिकायला. आठवणी लिहाव्यात त्या मोठ्या माणसांनी, असंच मला अजून वाटतं. माझे वडील जन्मभर केळीच्या बागेत राबले. त्यांनी कागदावर सही सोडून दुसरं काही लिहिलं नाही, आणि त्यांचं त्यावाचून काही अडलंही नाही. मग मी कशाला लिहायला बसलो, असं कुणी विचारेल. एकदा आमच्या दोघांच्याच ई-मेलच्या पेटीत मला शिरता येईना, एवढीच गोष्ट आहे. ती किरकोळ आहे हे मला ठाऊक आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बी.एस्सी. झाल्या झाल्या माझं लग्न झालं. बायकोचं माहेर राज्याच्या सीमेपलीकडचं, बऱ्हाणपूरच्या बाजूचं. तिकडे मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात नांदतात. ती बी.कॉम. झाली होती, संगणकाचा कोर्सही केला होता, आणि लग्नानंतर जळगावात एका संगणक क्लासमध्ये शिकवायला लागली. मला पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला तो धुळ्याला. त्यामुळे संसार सुरू होता होताच दोन गावांत वाटला गेला. जळगावात नानांच्या घरी वरच्या मजल्यावर आमची एक खोली, आणि धुळ्यात मी होस्टेलवर. नाना म्हणजे आमचे घरमालक. एक रविवार सोडून एक मी एस.टी.ने जळगावला जायचो. बस पारोळ्याला थांबली की अर्धं घर आल्यासारखं वाटायचं.

माझी फी तिच्या पगारातून जात होती. हे मी गावाकडे कुणाला सांगितलं नव्हतं. तिनेही कधी बोलून दाखवलं नाही.

नानांची खोली घेतली तेव्हा आम्ही दोघांनी बाजारातून एक कुलूप आणलं होतं. दोन किल्ल्यांचं. एक तिच्या पर्समध्ये, एक माझ्या बॅगेत. मी महिन्यातून दोनदा येणारा माणूस, पण किल्ली माझ्याजवळ असलीच पाहिजे असा तिचा आग्रह होता. "दारात उभं राहून वाट बघायला तुम्ही काय पाहुणे आहात?" असं म्हणायची.

त्या वर्षी तिच्या क्लासमध्ये इंटरनेट आलं आणि तिने एक फुकटची ई-मेल पेटी उघडली. दोघांत एकच. नवराबायकोंनी वेगवेगळ्या पेट्या घ्यायच्या असतात हे आम्हाला सुचलंच नाही. एका घराला एक रेशनकार्ड, तशी एका घराला एक पेटी, असा आमचा समज. त्यामुळे व्हायचं असं की ती जळगावहून पत्र लिहायची आणि आमच्याच पत्त्यावर पाठवायची. मी धुळ्याच्या सायबर कॅफेत बसून तीच पेटी उघडायचो आणि उत्तरही आमच्याच पत्त्यावर धाडायचो. पाठवणाऱ्याचं नाव आमचं, घेणाऱ्याचंही आमचंच. कॅफेवाल्या भाऊंनी एकदा मागून डोकावून पाहिलं.

"काय हो, स्वतःलाच पत्र लिहिता का?"

"नाही, घरून आलंय."

"घरून आलंय आणि तुम्हीच पाठवलंय. बरं आहे. भांडण व्हायला जागाच नाही."

आता पासवर्डचं. वर्गात सरांनी सांगितलं होतं की पासवर्ड दर महिन्याला बदलावा आणि कुठेही लिहून ठेवू नये. वर्गातल्या बाकीच्यांनी हे ऐकलं आणि सोडून दिलं. मी मात्र शिक्षकाने सांगितलेलं सोडून देणाऱ्यांतला नव्हतो. पण अडचण अशी की एकाने बदलला तर दुसऱ्याला कळवायचा कसा? पत्रात लिहिता येत नाही, कारण पत्र आतच. फोनवर सांगता येत नाही, कारण जळगावचा फोन नानांच्या बैठकीत आणि धुळ्याचा एस.टी.डी. बूथमध्ये.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी गेली होती आणि तिला आणायला मी गेलो. बाहेर निंबाला झोके बांधलेले, पोरीबाळींची गाणी चाललेली, आणि आम्ही दोघं ओसरीत पासवर्डवर खल करत बसलो होतो. सासूबाईंना वाटलं काहीतरी बिनसलं आहे. त्या दोनदा पाणी ठेवून गेल्या.

शेवटी युक्ती तिलाच सुचली. पासवर्ड म्हणजे चालू मराठी महिन्याचं नाव, आणि पुढे आमच्या लग्नाचं साल. महिना बदलला की जो आधी पेटी उघडेल त्याने नवा महिना टाकायचा. दुसऱ्याला कळवायची गरजच नाही, पंचांग सगळ्यांनाच दिसतं. बारा महिन्यांची इंग्रजी अक्षरंही आम्ही तिथेच एकमेकांना म्हणून दाखवली, म्हणजे त्यात घोळ नको. भिंतीवर सासूबाईंचं हिंदी पंचांग टांगलेलं होतं. तिने उठून पाहिलं, वैशाख. मी माझ्या खिशातल्या छोट्या दिनदर्शिकेत पाहिलं, वैशाख. दोघांचं जुळलं. इतकी चांगली योजना आपल्याला जमली याचा मला फार आनंद झाला होता.

सुट्टीभर मी जळगावातच होतो. आषाढ संपता संपता कॉलेज उघडल्यावर धुळ्याला आलो आणि पत्रं सुरू झाली. खिचडीत हळद जास्त पडली, नानांच्या घरच्या अक्कांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वर पाठवली, क्लासमधल्या एका मुलाने माउसला उंदीरमामा म्हटलं, अशी पत्रं. श्रावणात एकदा पेटी उघडेना. पासवर्ड चुकीचा, असं पडद्यावर येत राहिलं. भाऊ म्हणाले, "लाइनच खराब आहे आज." मला पटलं. पुढच्या खेपेला भाद्रपद टाकून पाहिला तर पेटी पटकन उघडली. म्हणजे हिने माझ्याआधीच बदलला, किती नेमाची बाई, असं मनात म्हणून मी ते विसरलो.

भाद्रपदात तिने धुळ्याच्या एका क्लासमध्ये अर्ज केला. तिथे शिकवणारी व्यक्ती हवी होती. ते काम मिळालं तर आम्हाला एका गावात, एका खोलीत राहता येणार होतं. पण पगार जळगावपेक्षा कमी होता आणि माझं एक वर्ष बाकी होतं. "मिळालं तर काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवू," असं मी जळगावला गेलो त्या रविवारी आमचं बोलणं झालं. मी म्हटलं, "तू लिही, मी लगेच उत्तर देतो." पुढे माझ्या परीक्षेची धांदल होती म्हणून घटस्थापनेपर्यंत जळगावला येणं होणार नव्हतं. मी बसमध्ये चढत असताना ती म्हणाली, "लगेच म्हणजे लगेच हं."

गणपती गेले, पितृपंधरवडा लागला. मी कॅफेत गेलो. भाद्रपद टाकला. पासवर्ड चुकीचा. अक्षरं एकेक बोट ठेवून तपासली. पुन्हा चुकीचा. भाऊंनी दुसऱ्या मशीनवर बसवलं. तिथेही तेच.

दोन दिवसांनी गेलो, पुन्हा गेलो. आपली पेटी कुणी चोरली की काय, अशीही शंका आली. सरांना विचारावं असं वाटलं, पण बायकोच्या पत्राविषयी सरांना काय विचारणार? फोन करायचा तर नानांना वरून तिला हाक मारावी लागणार. घरमालकाला असं दर वेळी उठवणं मला बरं वाटत नसे. उद्या उघडेल, परवा उघडेल, असं करत दिवस गेले. अभ्यासात मन लागेना. तिला उत्तर हवं असेल आणि आपण गप्प आहोत, हे सारखं टोचत होतं.

एका संध्याकाळी राहवेना म्हणून बूथवर गेलो.

"नाना, मी बोलतोय, धुळ्याहून."

"हां, बोल बेटा. बठ्ठं बरं शे ना?" नानांनी त्यांच्या अहिराणीत खुशाली विचारली आणि मग जिन्याकडे तोंड करून हाक दिली, "ए पोरी! धुयाना फोन शे!"

पावलं वाजली. ती आली.

"बोला."

एवढंच. एरवी ती "जेवलात का?" असं विचारल्याशिवाय पुढे जात नसे.

"रागावलीस का?"

"मी कशाला रागावू? एवढी पत्रं लिहिली. तुम्ही वाचलीत आणि गप्प बसलात. मग मला जे करायचं ते मी करून टाकलं."

धुळ्याच्या क्लासला तिने नाही म्हणून कळवलं असणार.

"अगं, मी एकही पत्र वाचलेलं नाही. पेटीच उघडत नाहीये!"

"उघडत नाही कशी? मी आज सकाळीच उघडली होती."

"मग तू बदललास का तो?"

"ठरलं होतं तसाच बदलला. महिना बदलला म्हणून बदलला."

"महिना कुठे बदललाय? पितर चालू आहेत ना अजून!"

"पितर चालू आहेत म्हणूनच तर बदलला! जुना महिना पुनवेला संपला."

"महिना अवसेला संपतो."

"पुनवेला."

"अगं, अवसेला!"

मागून नानांचा आवाज आला. "अरे, महिना एक तारीखले बदलस! झगडा काय करतस?"

बूथवाल्याच्या डोक्यावर एक दिनदर्शिका लटकत होती. मी पाहिलं, भाद्रपद वद्य. अवसेपर्यंत भाद्रपदच. लहानपणापासून पाहत आलो होतो तसंच.

"तू कशात बघून म्हणतेस?" मी विचारलं.

"आईच्या पंचांगात. दरवर्षी आणते ना मी माहेराहून. खोलीत खिळ्याला आहे, तुम्हीच तर ठोकला होता खिळा." आणि पुढे, "आमच्याकडे पुनव झाली की दुसऱ्या दिवशी नवा महिना. सध्या कुंवार चाललाय. पण तुम्ही त्याला आश्विन म्हणता ना, म्हणून मी तुमच्यासाठी..."

तिने हात तोंडावर ठेवला असावा, कारण पुढचं ऐकू आलं नाही. आमचा पासवर्ड नानांसमोर बोलून झाला होता.

तेव्हा मला आखाजीची दुपार आठवली. शुक्ल पक्ष होता. त्या पंधरवड्यात तिचं पंचांग आणि माझी दिनदर्शिका एकच महिना सांगतात. पुनव झाली की तिची आई पुढच्या महिन्यात जाते आणि आमचं गाव मागच्यात राहतं. अवस झाली की पुन्हा दोघं एकत्र. लग्नाआधी पत्रिका पाहिल्या होत्या, गोत्र पाहिलं होतं, पण महिना कधी संपतो हे कुणी विचारलं नव्हतं. मला तिच्यासाठी वाईट वाटलं आणि हसूही आलं. माझ्या सोयीसाठी तिने नाव माझ्याकडचं घेतलं होतं. वेळ मात्र ती आईचीच पाळत होती.

ती पलीकडे आधीच हसत होती. हसता हसता नाक ओढल्याचा आवाजही आला.

"म्हणजे तुम्ही इतके दिवस दाराबाहेर उभे होता?"

"हो ना. किल्ली हातात घेऊन."

"आणि मी आतून म्हणतेय, हा माणूस येत का नाही!"

"बरं, ते जाऊ दे. तू काय केलंस ते सांग."

"पेटीत आहे."

"सांग ना आत्ताच."

"इथे? नानांनी टीव्हीचा आवाज बारीक केलाय."

"मी कुठे काय ऐकस!" नाना म्हणाले.

"वाचा जाऊन," ती म्हणाली. "जेवलात का?" आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

मी सरळ कॅफेत गेलो. भाऊ म्हणाले, "लाइन आज चांगली आहे." मी मशीनवर बसलो. तिच्या माहेरचा चालू महिना, पण माझ्याकडच्या नावाने, म्हणजे आश्विन टाकला, पुढे आमच्या लग्नाचं साल. पेटी उघडली.

पत्रांची रांग लागली होती, सगळी आमच्याच नावाने आमच्याच नावाला आलेली. पहिलं इतकं घाईने लिहिलं होतं की त्यात पूर्णविरामच नव्हता. धुळ्याच्या क्लासने तिला घेतलं होतं. पितृपंधरवड्यात नको म्हणून घटस्थापनेला रुजू व्हा म्हणाले होते, आणि येणार की नाही ते आधी कळवायचं होतं. "तुम्ही सांगाल तसं," असं खाली लिहिलं होतं. त्याच्या पुढच्या पत्रात पगाराचा विषय होता. तुमची फी कशी भागवायची ते मी पाहिलं आहे, शिकवण्या घेईन, काळजी करू नका. मग एक नुसतंच, "वाचलं का?" मग एक लांबलचक, ज्यात माझ्याविषयी बऱ्याच गोष्टी होत्या. त्या तिच्या-माझ्यातच राहू देतो.

सगळ्यात वर आज सकाळचं पत्र होतं. ते मी हळूहळू वाचलं, कारण त्यात काय असेल याची अजूनही भीती वाटत होती.

"तुम्ही काहीच बोलत नाही. म्हणजे तुम्हाला येऊ नको म्हणवत नाही आणि ये म्हणायचा धीर होत नाही, असं मी धरून चालते. तुम्हाला मी इतकं ओळखते. दोघांनी ठरवायचं होतं, पण दुसरा गप्पच असला तर एकाने ठरवावं लागतं. खोली बघून ठेवा, लहान चालेल, खिडकी असली म्हणजे झालं. कुलूप घेऊ नका, आपलं जुनंच आणते. तुमची किल्ली तुमच्या बॅगेत आहे ना, ती हरवू नका. मी त्यांना हो कळवलं आहे. घटस्थापनेच्या दिवशी सकाळच्या बसने येते."