प्लॅटिनमच्या तारेने दिलेले झटके

चार इन्स्ट्रुमेंटवाले चहाला बसले की एकाने तोंड उघडायचा अवकाश, झटक्यांची रांगच लागते! तसा धंदा साधा. आमचा सेन्सर म्हणजे स्टीलच्या नळीत प्लॅटिनमची बारीक तार. गरम झाली की तिचा रेझिस्टन्स वाढतो आणि त्यावरून डेटा लॉगर नावाचा खोका कागदी रोलवर टेंपरेचर छापत राहतो. ऐंशीच्या दशकात अंधेरी ईस्टच्या एका गाळ्यात हे आम्ही तिघं करायचो: मी, मालवणचा साळवी आणि आमचे बॉस केळकरसाहेब.

*

मालाडच्या आइस्क्रीमवाल्या शेठचा फोन. "लवकर या! कोल्डरूम आठशे डिग्री झालीय!"

धावलो. शेठ बाहेर घामाघूम. आत बघतो तर कप दगडासारखे गोठलेले! ट्रॉलीखाली येऊन सेन्सरची वायर तुटली होती. वायर तुटली की लॉगर सरळ वरच्या टोकाचा आकडा छापतो.

"अहो, दार उघडून बघायचं ना!"

"आणि भाजलो असतो म्हणजे?"

*

घाटकोपरला एका भट्टीवर सेन्सर बसवून आलो. दुसऱ्या दिवशी गेलो तर सगळे सेन्सर गायब! साळवी मटकन खालीच बसला.

मालक म्हणाले, "घाबरू नका. प्लॅटिनम आहे ना? तिजोरीत ठेवलंय!"

*

तेलात तापवलेला सेन्सर पुसून आम्ही थर्मासमधल्या बर्फाच्या पाण्यात बुडवायचो. शून्य बरोबर येतं का, ते बघायला. एकदा जेवून आलो तर थर्मास रिकामा, आणि केळकरसाहेब रुमालाने तोंड पुसतायत!

"सरबत थंड होतं रे. पण साखर विसरलात."

संध्याकाळपर्यंत मी आणि साळवी त्यांना काही होत तर नाही ना, तेच बघत होतो.

*

बोरिवलीच्या एका हॉस्पिटलात डेमो होता, रक्त ठेवायच्या फ्रिजसाठी. समोर मोठे डॉक्टर. आमची नेहमीची युक्ती म्हणजे साळवीने सेन्सर काखेत धरायचा आणि लॉगरने छापायचं सदतीसच्या आसपास.

छापलं चाळीस पॉइंट दोन!

डॉक्टर हसले. "तुमचं मशीन तीन डिग्री चुकतंय की!"

केळकरसाहेबांचा चेहरा उतरला. मी घाईघाईने सेन्सर बदलला. चाळीस पॉइंट तीन! शेवटी साहेबांनी शर्टाची बटणं सोडून सेन्सर स्वतःच्याच काखेत धरला. छत्तीस पॉइंट सात.

साळवी टेबलाला धरून उभा होता, ओठ थरथरत होते.

"साहेबानू, मशीन बराबर आसा," तो पुटपुटला. "माकाच ताप इलोहा."

आणि धाडकन कोसळला!

डॉक्टरांनी वाकून त्याची नाडी धरली आणि मान वर न करताच ओरडले, "सिस्टर, स्ट्रेचर आणा! आणि केळकर, ऑर्डर पक्की!"