देवाने इच्छा फक्त भावोजींनाच दिली?

ताई तिसऱ्यांदा माहेरी आली तेव्हा तिचा जबडा इतका सुजला होता, की आई तिला चमच्याने पेज भरवत होती. एक्क्याऐंशी-ब्याऐंशीचं साल असेल, मी नववीत होते. रत्नागिरीत आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं मोजकीच, बातमी लपते कुठे! दुसऱ्या दिवशी सकाळीच चर्चचे पाळकसाहेब दोन पंचांना घेऊन हजर. कशासाठी? तर ताईला समजावून चिपळूणला परत धाडायला. भावोजी तिथे मास्तर होते. चर्चमध्ये पेटी इतकी गोड वाजवायचे, की हा माणूस बायकोवर हात उचलतो हे कुणाला खरंच वाटू नये.

चहा झाला, प्रार्थना झाली. मग पाळकसाहेब ताईला म्हणाले, "मुली, देवाने माणसाला यंत्र नाही बनवलं. इच्छास्वातंत्र्य दिलंय. म्हणून वाईट करणाऱ्याचा हात तो धरत नाही. तू सोस, प्रार्थना कर. हा तुझा क्रूस आहे."

माझं डोकंच फिरलं. आजही आठवलं की फिरतं. वा रे वा न्याय! मारणाऱ्याला स्वातंत्र्य आणि मार खाणारीला क्रूस! ख्रिस्ताने क्रूस स्वतःहून उचलला, असं हेच पाळकसाहेब दर गुड फ्रायडेला सांगायचे. त्याची समजूत घालायला कुणी पंच गेले नव्हते.

"मग ताईला नाही का दिली इच्छा?" मी विचारलंच. "तिला नाही जायचं."

"मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही," एक पंच डाफरले.

देव हात धरत नाही, हे मला तेव्हाही पटत होतं. पण तुम्ही तर माणसं ना? तुम्हाला कुणी अडवलं होतं चिपळूणला जाऊन त्याचा हात धरायला? ते राहिलं बाजूला, आणि निघाले आमच्या ताईला शहाणपण शिकवायला!

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा कचेरीतले साधे कारकून, पाळकसाहेबांचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नव्हता. आधी दोन्ही वेळा ताईला एसटीने तेच सोडून आले होते. ते काही बोलायच्या आतच ताई उठली. "पिशवी भरते," म्हणाली. सुजलेल्या तोंडातून शब्दही धड फुटत नव्हते.

"बस गो खाली. तू कुठे जात नाहीस," बाबा म्हणाले. मग पाळकसाहेबांकडे वळले. "जावयाने मारलं ते त्याच्या इच्छेने, असंच ना?"

"हो, तेच तर सांगतोय."

"आणि दोनदा तिला त्याच्या दारात नेऊन सोडली, ती कुणाच्या इच्छेने?"

पाळकसाहेबांनी बायबल पुढे ओढलं.

ताईकडे बघायची बाबांची हिंमत होत नव्हती. "देवाला कशाला मध्ये घेताय, पाळकसाहेब? नेऊन सोडणारा मी होतो."