काळी दोन म्हणजे डी शार्प

रिकाम्या माणसाकडं किस्से नसतात. ते साठतात दमलेल्या माणसाकडं. घडतं तेव्हा सांगायला अंगात त्राण नसतं. उद्या सांगू म्हणतो, आणि उद्या परत शिफ्ट असते. माझे असेच साठत गेले. आता पाठ टेकून बसलोय, तर सांगून टाकतो.

मी तेव्हा शिरूरजवळच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. गाव निमोणे, खोली शिरूरला. मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं, त्या सुमाराची गोष्ट. आमच्या खात्यातला एक कोलकात्याचा ट्रेनी नोकरी सोडून घरी निघाला आणि जाताना त्याची गिटार माझ्या गळ्यात घालून गेला.

"ले लो भाई, ट्रेन में टूट जाएगी."

गिटार सहा तारांची, तारा पाच! शिरूरमध्ये शिकवणारं कुणी नाही. बँडवाल्यांकडं गेलो, तर ते म्हणाले, "फुंकायचं असंल तर बोल."

मग राहिलं इंटरनेट.

* * *

एसटी स्टँडसमोर कुंदाताईंचं झेरॉक्स आणि एसटीडीचं दुकान होतं. मागं पडदा लावून दोन कॉम्प्युटर. एक फोटो पूर्ण उघडेपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हायचा.

तिथं मला अमेरिकेतल्या गिटारवेड्यांची एक साइट सापडली. जगभरातले लोक प्रश्न विचारायचे, जगभरातले लोक उत्तरं द्यायचे. फोरम म्हणायचे त्याला. शिफ्ट सुटली की मी अर्धा तास पडद्यामागं. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले असायचे, खरं तर बसायला मिळतंय याचंच सुख जास्त.

एक दिवस कुंदाताईंनी धाडकन पडदा ओढला. स्क्रीनवर पाठ उघडलेल्या गिटारीचा फोटो होता, आतल्या पट्ट्या दिसत होत्या.

"हे काय?"

"गिटारीचं आतलं लाकूड, ताई."

त्यांनी वाकून स्क्रीन नीट बघितली. मग म्हणाल्या, "बाकीची पोरं हितं नको ते बघत्यात, म्हणून मी पडदा वढते. आन् तू लाकडं बघतो? घरच्यांना सांगू का, ह्याला पोरगी बघा म्हणून?"

* * *

फोरमवर मी पहिला प्रश्न टाकला, तो डिक्शनरी मांडीवर घेऊन. माझी गिटार ठसठशीत वाजत नाही, उपाय सांगा. उत्तर आलं, वरची फळी अखंड लाकडाची आहे की थरांची?

मला काय ठाऊक! गिटार घेऊन आमच्या गल्लीतल्या राजूमिस्त्रीकडं गेलो. दारं-खिडक्या करणारा माणूस. त्यानं बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं, भोकाच्या कडेला नख लावलं आणि परत दिली.

"प्लाय हाय. तीन पदरी."

दुसऱ्या दिवशी मी इमानदारीत लिहिलं, की मिस्त्री म्हणतात प्लाय आहे. त्यावर जी उत्तरं आली! एकाला फार वाईट वाटलं. एक म्हणाला, धीर सोडू नका. नॉर्वेच्या एका माणसानं लिहिलं होतं की जे आहे त्यावर प्रेम करा, फार अपेक्षा ठेवू नका.

मी एकेक शब्द लावून लावून मोठ्यानं वाचत होतो. पडद्यापलीकडून कुंदाताईंनी हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं रे?"

* * *

मग उन्हाळा आला. फोरमवाले म्हणाले, गिटारीला हवेत दमटपणा लागतो, कोरड्या हवेत लाकूड तडकतं. शिरूरच्या मार्चात दमटपणा कुठून आणू? माणसाचे ओठ तडकतात इथं.

आमच्या कारखान्यात मोजमापाची साधनं ठेवायची एक बंद खोली होती. एसी, भिंतीवर तापमान आणि दमटपणा दाखवणारं घड्याळ, सगळं काटेकोर. कामगारांना तेवढी हवा नव्हती, पण गेजना होती. मी एक दिवस गिटार नेऊन कपाटामागं उभी केली. आमचे साहेब, चव्हाण, यांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मोठा माणूस.

तिसऱ्या आठवड्यात बाहेरचं ऑडिट आलं. ऑडिटर एकेका साधनाचं माप बरोबर असल्याचं स्टिकर तपासत कपाटापर्यंत आला आणि थांबला.  माझी नोकरी कायम व्हायची होती अजून.

"हे इन्स्ट्रुमेंट कोणतं? याचं कॅलिब्रेशनचं स्टिकर कुठंय?"

चव्हाणसाहेबांनी फायलीतून मान वर केली नाही.

"ते बाहेरून करून घेतो, सर. ड्यू आहे."

ऑडिटरनं ते लिहून घेतलं आणि पुढं गेला!

* * *

कॅलिब्रेशन करणारा खरं तर घरातच होता. माझे वडील, आप्पा. निमोण्यात त्यांची भीमगीतांची पार्टी होती. पेटी, ढोलकी आणि आप्पांचा आवाज. पंचवीस वर्षं गावोगाव गाऊन तो आवाज खरवडल्यासारखा झाला होता, पण सुरातून हलत नव्हता. फोरमवर तारा जुळवायचं कुठलं यंत्र चांगलं यावर पंधरा दिवस भांडण चाललं होतं. मी सुट्टीला घरी गेलो, गिटार काढली, तर आप्पा बाजेवर पडल्या पडल्या डोळे न उघडता म्हणाले, "खालून दुसरी उतरलीया."

मग म्हणाले, "जयंतीला माझ्यामागं वाजीव. मी काळी दोनमधी गातो."

पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीला षड्ज धरायचा, एवढं मला कळत होतं. गिटारीवर ते कसं आणायचं, ते कळत नव्हतं. मी फोरमवर जसंच्या तसं विचारलं. काळी दोनमध्ये कसं वाजवायचं?

गोऱ्यांना काही कळेना. कुणी विचारलं, ही कुठली ब्लूजची पद्धत आहे का? शेवटी एक उत्तर आलं, इंग्रजी लिपीत, पण मराठीत!

"काळी दोन म्हणजे डी शार्प. डीची कॉर्ड धर आणि पहिल्या पट्टीवर कॅपो लाव. आणि तू कुठला रे?"

उत्तराखालचं विल्सन हे नाव मला ओळखीचं होतं. फोरमवर याचं उत्तर आलं की वाद मिटायचा. सगळे त्याला अमेरिकन समजायचे, मीही. मी लिहिलं, शिरूर.

"मी दौंड. विल्सन साळवे. रिटायर्ड गार्ड, मालगाडी."

* * *

कॅपो म्हणजे तारांवर आडवा बसवायचा चिमटा, पहिल्या पट्टीवर लावला की सूर अर्ध्यानं चढतो. तो शिरूरला कुठून मिळणार? साळवे अंकलनी लिहिलं, पेन्सिल आडवी ठेव आणि रबरबँडनं आवळ. खोलीवर चाललं. जयंतीला, अख्ख्या गावासमोर, आप्पांचं दुसरं कडवं चालू असताना रबर तुटलं. पेन्सिल उडाली ती थेट ढोलकीवाल्या मामांच्या कपाळावर!

माझा सूर अर्धा घरंगळला. पेटीवाले बावरून थांबले. मला वाटलं, संपलं. पंचवीस वर्षांत आप्पांचं गाणं कुणी मोडलं नव्हतं, ते पोरानं मोडलं.

आप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पुढची ओळ त्यांनी अर्धा सूर खाली उतरून घेतली, माझ्या सुरात. लोकांनी टाळ्या दिल्या. त्यांना वाटलं, मुद्दाम केलंय.

खाली उतरल्यावर आप्पांनी घाम पुसला. "काय झाल्तं?"

"पेन्सिल उडाली, आप्पा."

"आधी सांगायचं न्हाई व्हय? मी कंपासपेटीच घिऊन आलो असतो."

* * *

त्यानंतर एका रविवारी गिटार घेऊन दौंडची एसटी धरली. सहा दिवसांच्या शिफ्टनंतर तो रस्ता म्हणजे शिक्षा होती. उभ्यानं गेलो, गिटार छातीशी धरून.

साळवे अंकलचं घर रेल्वे लाइनपासून जवळ. दोन खोल्या, मुलीनं पाठवलेला कॉम्प्युटर आणि पांढरे केस नीट मागं बसवलेले अंकल. मी भिंतींकडं बघत होतो. इतकं ज्ञान असलेल्या माणसाकडं गिटारी तरी किती असतील!

एकही नव्हती.

"घरात नाही ठेवत," अंकल म्हणाले. "तुझ्या काकूला, मेरीला, चालत नाही."

का, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

"काकू कुठंयत?"

"बाजारात. रविवारचा बाजार आहे ना." मग जरा वेळानं म्हणाले, "आण बघू."

त्यांनी तारा जुळवल्या. जुळवताना एकदा दाराकडं बघितलं. आणि मग वाजवायला लागले. मी ते सांगू शकत नाही. ती माझीच प्लायची गिटार होती, नॉर्वेवाल्यानं अपेक्षा ठेवू नका म्हटलेली. अंकलची बोटं तारांवर टेकत होती की नाही तेही कळत नव्हतं. बाहेरून मालगाडी गेली, तरी ते थांबले नाहीत. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, माझा सगळा आठवड्याचा शीण कुठं गेला कळलं नाही.

अंगणाचं फाटक वाजलं.

अंकलनी गिटार अशी माझ्या मांडीवर ठेवली, जशी कुणी चोरीची वस्तू दुसऱ्याच्या खिशात सरकवावी. आणि पेपर उघडून बसले.

मेरीकाकू आत आल्या. ठेंगण्या, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. माझ्याकडं बघितलं, गिटारीकडं बघितलं.

"कोण वाजवत होतं?"

"हा," अंकल पेपरामागून म्हणाले. "शिरूरचा दिलीप. सांगितलं नव्हतं का तुला?"

"हो काकू," मी म्हणालो. "मीच."

"मग थांबलास का? वाजव ना."

मला तेव्हा तीन कॉर्ड येत होत्या. तीन! अंकलचा पेपर हलत नव्हता. मी त्या तीन कॉर्ड वाजवल्या. दुसरी चुकली. काकू पिशव्या खाली न ठेवता, उंबऱ्यातच उभ्या राहून, शेवटपर्यंत ऐकत होत्या.

संपल्यावर म्हणाल्या, "मघाशी हात हलका होता तुझा."

आणि चहा टाकायला आत गेल्या.