वरचं तळं

जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखच्या कुसुमताई बर्वे बावीस वर्षांत एकतीस वेळा बेर्खटेसगाडेनच्या राष्ट्रीय उद्यानात गेल्या. पण प्रत्येक वेळी पाहुण्यांना घेऊन, म्हणजे स्वतः गेल्या नाहीत असंच म्हणायचं.

भारतातून कुणीही येवो, त्यांचे पती दत्तात्रयराव तिसऱ्या दिवशी त्याला तिथलं क्योनिग्सजे सरोवर दाखवायला नेणारच. मे महिन्यात नणंद आणि तिचे यजमान, ऑगस्टमध्ये सासूबाई, ऑक्टोबरात पिवळी झाडं बघायला जयंतभाऊजी, जानेवारीत बर्फासाठी हटून बसलेले भाचे. ऋतू बदलत, पाहुणे बदलत, कुसुमताईंच्या पिशवीतल्या तिखटमिठाच्या पुऱ्या तेवढ्या बदलत नसत.

लाल घुमटांच्या चर्चपाशी बोट थांबली की सगळे उतरत. कुणाचे गुडघे, कुणाची शुगर, कुणाला आधी टॉयलेट. कुसुमताई बाकावर डबे उघडत आणि पुढे निघालेल्या बोटीकडे बघत राहत. शेवटच्या थांब्यापलीकडे, डोंगरांच्या कुशीत आणखी एक तळं आहे, हे त्यांनी पहिल्याच वर्षी एका पुस्तिकेत वाचलं होतं. तेवढं एकच त्यांना बघायचं होतं.

"अहो, एकदा त्या वरच्या तळ्याला जाऊ या ना."

"अगं, डोंगर चढायचाय. आईला झेपणार आहे का? पाहुणे गेले की आपण दोघंच येऊ, निवांत."

पाहुणे जात. मग ह्यांच्या ऑफिसचं काहीतरी निघे, तोवर पुढच्या पाहुण्यांची तिकिटं आलेली असत. अतिथी देव असतो हे खरं, पण देवालाही कधीतरी थांब म्हणावं, हे काही कुसुमताईंना जमलं नाही.

गेल्या मार्चमध्ये दत्तात्रयराव गेले. रिटायर व्हायला चार महिने उरले होते.

सप्टेंबरात उर्जा, त्यांची कार्ल्सरूहेला शिकणारी मुलगी, हट्टानं त्यांना घेऊन निघाली. कुसुमताईंनी नवे बूट घेतले, काठ्या घेतल्या, गुडघ्याला पट्टा बांधला. शेवटच्या थांब्यावर उतरून उर्जानं पाटी वाचली.

"आई, पंधरा मिनिटं."

"तास असतील. नीट बघ."

"मिनिटंच आहेत गं."

वाट जवळजवळ सपाट होती. त्यांच्या पुढे एक बाई बाबागाडी ढकलत चालली होती. काठ्या टेकायची गरजच पडली नाही, म्हणून कुसुमताईंनी त्या काखेत धरल्या.

तळं आलं. पाणी हलत नव्हतं, त्यात सगळे डोंगर उलटे उभे होते. उर्जा फोटो काढायला पुढे गेली आणि कुसुमताईंना रडू फुटलं. तळं सुंदर होतं, पण रडू त्याचं नव्हतं. राग आला होता. नवऱ्याचा, पाहुण्यांचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. बावीस वर्षांत एकदा इथवर येऊन ती पाटी वाचायचं कुणाला सुचलं नाही.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "आईसुद्धा चालल्या असत्या हो एवढं."