बयाबाईच्या टेबलाचा खण

सन तेहतीसच्या भातकापणीत कापडे गावची बयाबाई बांधावरून घसरली, उजवा गुडघा कायमचा आखडला, आणि घरात कुजबुज सुरू झाली की आता चूल प्रयागकडं जाणार. प्रयाग म्हणजे धाकटी जाऊ. तशी वाईट नव्हती बिचारी, पण मीठ घालताना तिचा हात कधी सैल तर कधी आखडता. वीस वर्षं ज्या घराला बयाबाईनं रांधून वाढलं, तिथं पाय पसरून आयतं ताट घेणं तिच्या जिवावर आलं. "बसता येत नाय ना, मग हुब्यानं रांदीन," म्हणाली, आणि मुंबईला नवऱ्याकडं निरोप धाडला.

नवरा महिपती एका पारशाकडं स्वयंपाकी होता. मालकानं मोडीत काढलेलं सागवानी टेबल त्यानं बोटीनं दासगावपर्यंत आणि पुढं बैलगाडीनं घरी पाठवलं. बयाबाईनं विटा रचून चूल कमरेइतकी उंच करून घेतली आणि शेजारी टेबल लावलं. चुलीशी उभी राहणारी बाई बघायला अर्धा गाव लोटला. टेबलाला एक रुंद खण होता, आणि खरं दुखणं त्या खणातच निघालं.

सासू रंगूबाईनं खण ओढून पाहिला. आजवर नैवेद्याची पळी देव्हाऱ्याशेजारी टांगलेली असे, आणि मासळी-मटणाची डवली, म्हणजे करवंटीचा डाव, मागल्या दाराशी. आता पाय ओढत जायला नको म्हणून बयाबाई दोन्ही खणात ठेवणार होती.

"बया गो, दोनी येकाच खणात लोळनार? माज्या घरात ह्ये चालायचं नाय. गौरीपातूर बगीन. त्या दिशी येक पळी जरी हिकडची तिकडं झाली, तर टेबल गोठ्यात नि चूल प्रयागकडं."

म्हातारीनं दिवस बरोबर हेरला होता. त्यांच्याकडं गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. गणपतीचे मोदक आणि गौरीचं मटण, दोन्ही एकाच दिवशी, एकाच स्वयंपाकघरात.

खणात पारशाचा काटे-चमच्यांचा ट्रे होताच, तळाशी मखमल लावलेला. त्यात डवली ठेवली तर दांडा बाहेर आणि करवंटी वर, खण मिटेना. स्वयंपाक करायचा की मखमल जपायची? बयाबाईनं तो ट्रे प्रयागला बांगड्या ठेवायला देऊन टाकला.

मग वैशाखात मुरारी सुतारानं आंब्याच्या फळीचा नवा ट्रे करून दिला. प्रत्येक पळीच्या मापाचा कप्पा, आणि खणात असा घट्ट की कडेला नख शिरेना. मुरारी चार घरी सांगत सुटला. आषाढात लाकूड फुगलं आणि खण गच्च बसला. पळ्या आत, माणसं बाहेर! दोन दिवस घरानं आमटी वाटीनं वाढून घेतली. तेवढ्यात प्रयागनं मिठाची बरणी हळूच आपल्याकडं सरकवली. ते पाहून बयाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाठोपाठ रागही.

मुरारीनं टेबलाची मागची फळी उकलून ट्रे कसाबसा बाहेर काढला.

"दोनी कडा तासून देतो, वयनी."

बयाबाई ट्रे हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट करत राहिली. "कडा नको. मदूनच काप. येकाची दोन खोकी कर, नि मधी बोटभर जागा सोड."

"फट? वयनी, फटीतनं सुताराची लाज दिसते!"

"फट माजी हाय, मुरारीदादा. लाज वाटली तर माजी मला वाटंल."

मुरारी तोंड वाकडं करून गेला, पण काम केलंन. लाकडाला फुगायला जागा मिळाली. डावं खोकं देवाचं, उजवं तिखटाचं. उजवं उचलावं, मागल्या दारी राखेनं पळ्या घासाव्या, आणि परत ठेवावं. देवाच्या पळीला वारासुद्धा लागत नव्हता.

गौरीपूजनाचा दिवस आला. मटण दिसू नये म्हणून गणपतीपुढं पडदा ओढला. रंगूबाई उंबऱ्यात ठाण मांडून बसली. बयाबाई सकाळपासून उभी, घामानं निथळत, पण हात यंत्रासारखा चालू. खिरीची पळी डावीकडून, रश्श्याची डवली उजवीकडून. ऐन गर्दीत प्रयागनं घासलेली डवली घाईघाईनं डाव्या खोक्यात घालायला नेली. बयाबाईला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. पण देवाच्या पळ्यांच्या मापाच्या डाव्या कप्प्यांवर डवलीचा दांडा अडला, काही केल्या आत जाईना. प्रयाग चपापली आणि तिनं डवली उजवीकडं ठेवली. उंबऱ्यातून म्हातारीनं हे सगळं पाहिलं.

शेवटची पंगत उठली. पाहुण्यांनी आणलेला नवा पितळी झारा हातात घेऊन प्रयाग सासूपुढं उभी राहिली, गेली कैक वर्षं प्रत्येक गोष्टीसाठी राहायची तशी.

"आत्याबाई, ह्यो कुटं ठिऊ?"

रंगूबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "मला काय इचारतीस गो? चूल बयाची हाय. तिला इचार."